न्याहारी घंटेनंतर, वर्गात आणि सर्वांना

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

शाळेतल्या मुलांना सकाळची न्याहारी मिळावी, हे तत्त्वतः कुणाला अमान्य असेल असे मला वाटत नाही. जुलै २०२० मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दुपारच्या भोजनाबरोबर सकाळची साधी पण पौष्टिक न्याहारीही मुलांना द्यावी, असे स्पष्ट लिहिलेले आहे. न्याहारीनंतरचे सकाळचे तास अवघड विषय शिकायला विशेष उपयोगी पडतात, हे कारणही तिथेच दिलेले आहे. पुढच्या वर्षी सप्टेंबर २०२१ मध्ये मध्यान्ह भोजन योजनेला ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ हे नवे नाव व रूप मिळाले, पण न्याहारी तिच्यात आली नाही. त्यामुळे आज एखाद्या शाळेत न्याहारी मिळत असेल तर ती बहुधा शिक्षक, माजी विद्यार्थी किंवा परिसरातल्या लोकांच्या बळावर. अशाच एका प्रयत्नात मी स्वतः होते. त्या अनुभवातून मला जो प्रश्न पडला, तो निधीच्या प्रश्नाइतकाच मोठा आहे आणि त्याकडे फारसे कुणी पाहत नाही. न्याहारी शिजून तयार असते, मुले भुकेली असतात, आणि तरीही ती खायला येत नाहीत. असे का होते आणि काय केले तर ती येतात, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे.

मी नागपूरच्या पूर्व भागातील एका प्राथमिक शाळेत तीस वर्षांहून अधिक काळ शिकवले आणि शेवटची काही वर्षे मुख्याध्यापिका म्हणून काम केले. आमची बरीचशी मुले पारडी, कळमना, वाठोडा या बाजूच्या वस्त्यांमधून येत. कळमना बाजारात हमाली करणारा बाप भल्या पहाटे घर सोडतो, कारण माल त्याच वेळी उतरतो. धुणीभांडी आणि स्वयंपाकाची कामे करणारी आई सहाच्या आत बाहेर पडते, कारण पहिल्या घरचा डबा साडेसातला भरायचा असतो. बांधकामावर जाणाऱ्यांना वेळेत ठिय्यावर, म्हणजे रोजंदारीचे मजूर जमतात त्या नाक्यावर, उभे राहावे लागते, नाहीतर त्या दिवसाची मजुरी बुडते. मागे घरात दोन-तीन भावंडे उरतात आणि त्यांतली थोरली, म्हणजे फार तर चौथी-पाचवीतली मुलगी, धाकट्यांचे तोंड-हात धुऊन त्यांना शाळेत घेऊन येते. रात्रीची पोळी उरली असेल तर ती चहात बुडवून देते. नसेल तर नुसता चहा, किंवा कोपऱ्यावरच्या दुकानातले पाच रुपयांचे चटपटीत पाकीट. या घरांत मायेची कमतरता आहे, असा याचा अर्थ कुणी काढू नये. ज्या बाईला दुसऱ्याच्या घरचा नाश्ता वेळेवर करून द्यायचा असतो, तिच्या हाती स्वतःच्या लेकरांच्या नाश्त्याची वेळच उरत नाही.

तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. दुसरा तास सुरू झाला की तो रोज पोट दुखते म्हणून सांगे. वर्गशिक्षिका त्याला पाणी पिऊन यायला पाठवत, कधी ओवा देत, आणि गणिताचा तास टाळायचा हा बहाणा आहे, अशी शिक्षक-खोलीत आम्हा सर्वांचीच समजूत झाली होती. एक दिवस मी त्याला माझ्याजवळ बसवून विचारले, “सकाळी काय खाल्लंस?” तो म्हणाला, “चहा.” मी विचारले, “चहासोबत?” तो माझ्याकडे पाहत राहिला, जणू या प्रश्नाचा अर्थच त्याला लागला नव्हता. मग त्याने खालच्या आवाजात सांगितले, “नुसता चहा, मॅडम.” रात्री आठच्या सुमारास जेवलेले ते आठ वर्षांचे मूल दुसऱ्या दिवशी पोषण आहाराची ताटली हातात येईपर्यंत सोळा-सतरा तास जवळजवळ उपाशी होते, आणि त्यातल्या शेवटच्या तीन तासांत आम्ही त्याच्याकडून हातच्याच्या वजाबाकीची अपेक्षा करत होतो.

“दुपारी खिचडी मिळते की,” असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. शालेय पोषण आहारावर माझा पूर्ण विश्वास आहे. १९९५ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा महिन्याला तीन किलो तांदूळ पिशवीत बांधून दिला जात असे, ते मी पाहिले आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्यावे असा आदेश दिल्यानंतर शाळेत चूल पेटली आणि मुलींची गळती थोपवायला तिची किती मदत झाली, तेही पाहिले आहे. आजच्या निकषानुसार प्राथमिकच्या मुलाला त्या जेवणातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. पण ती मिळतात दुपारी. भाषा आणि गणिताचे तास आपण सकाळी ठेवतो, तेव्हा पोट रिकामे असते. अनशापोटी घेतलेला चहा भूक तेवढी मारतो, आणि खाण्यासोबत घेतलेला चहा अन्नातले लोह अंगी लागण्यात अडथळा आणतो. ज्या महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील बालकांपैकी जवळपास ६९ टक्के रक्तक्षयी आढळली, तिथे हीच बालके पहिली-दुसरीत येऊन बसतात, हे विसरून चालणार नाही.

या मुलाच्या निमित्ताने आम्ही न्याहारी सुरू करायचे ठरवले. काही माजी विद्यार्थ्यांनी दरमहा थोडी रक्कम देऊ केली, परिसरातल्या एका किराणा दुकानदाराने पोहे आणि फल्लीदाणे, म्हणजे शेंगदाणे, घाऊक भावात दिले, आणि पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी एक तास लवकर यायचे कबूल केले. पैसे बेताचेच होते. म्हणून आम्ही, आमच्या मते अत्यंत शहाणपणाने, वर्गशिक्षकांकडून गरजू मुलांच्या नावांची यादी करून घेतली. त्या मुलांनी शाळा भरण्याच्या अर्धा तास आधी यावे, मागच्या व्हरांड्यात बसून खावे आणि घंटा झाली की प्रार्थनेला उभे राहावे, अशी व्यवस्था लावली. पहिल्या दिवशी आम्ही मोठ्या उत्साहाने ताटल्या मांडल्या. यादीतली निम्मी मुलेसुद्धा आली नाहीत. आठवडाभरात ती आणखी कमी झाली, उरलेले पोहे शेवटी मावशी घरी नेऊ लागल्या, आणि आमच्यातलेच काही शिक्षक म्हणू लागले की यांना भूकच नाही, फुकटाची किंमत नसते.

हे वाक्य मला फार लागले, आणि म्हणून मी कारण शोधायला बसले. पहिले कारण अगदी साधे निघाले. जी मुले अनशापोटी येतात, तीच सर्वांत उशिरा येतात. आई-बाप दोघेही घराबाहेर पडलेले, धाकट्या भावाला उठवून, नळाचे पाणी भरून, दाराला कुलूप लावून निघणारी दहा वर्षांची मुलगी शाळा भरण्याच्या अर्धा तास आधी पोहोचूच शकत नाही. ती धापा टाकत प्रार्थनेच्या मध्यावर येते. तिच्यासाठी केलेली न्याहारी तोवर झाकून ठेवलेली असते.

दुसरे कारण मला एका मुलीने दाखवले. चौथीतली ही मुलगी वेळेवर येत असे, यादीत तिचे नावही होते, पण व्हरांड्याकडे ती कधी फिरकत नसे. मी दोन-तीनदा बोलावले तर दर वेळी म्हणे, “मी घरून खाऊन आली, मॅडम.” एक दिवस मी खिडकीतून पाहिले. मागच्या बाजूच्या कडुनिंबाच्या आडून ती व्हरांड्यात बसलेल्या मुलांकडे पाहत होती, आणि तिच्या वर्गातल्या दोघी मैत्रिणी फाटकातून आत येताना दिसताच घाईने तिथून निघून त्यांच्यात मिसळली. त्या मैत्रिणी यादीत नव्हत्या. मला तेव्हा कळले की आम्ही न्याहारीला यादी लावली तेव्हाच तिच्यावर एक शिक्का मारला, आणि भुकेपेक्षा तो शिक्का त्या मुलीला जड झाला. दहा वर्षांच्या मुलाला आपण गरीब आहोत हे माहीत असते. ते वर्गासमोर नाव घेऊन जाहीर व्हावे, हे त्याला सोसत नाही. ही चूक आमची होती, मुलांची नव्हे.

मार्ग सुचवला तो मावशींनी. मी त्यांच्यापाशी बसून हे सारे बोलत होते तेव्हा त्या सहज म्हणाल्या, “मॅडम, पोरायले इथं बोलावण्यापेक्षा गंजच वर्गात नेला तर?” मी म्हटले, सगळ्यांना पुरणार कसे? त्या म्हणाल्या, “थोडंथोडं देऊ, पण समद्यायले देऊ.” आम्ही यादी फाडून टाकली. प्रार्थना झाली, मुले वर्गात बसली, हजेरी सुरू झाली की मावशी आणि वरच्या वर्गातली दोन मुले गंज, म्हणजे पोह्यांचे मोठे पातेले, घेऊन वर्गावर्गात जाऊ लागली. मुले आधीच हात धुऊन बसलेली असत. वाटीभर पोहे, वर फल्लीदाणे, चिमूटभर सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) आणि लिंबाची फोड. बाईंची हजेरी होईपर्यंत अर्ध्या वाट्या रिकाम्या झालेल्या असत. त्या चौथीतल्या मुलीने पहिल्याच दिवशी पुन्हा मागून घेतले. तिच्याशेजारी बसलेल्या मैत्रिणीनेही घेतले, आणि त्या दोघींमध्ये कोण यादीतली आणि कोण यादीबाहेरची, हा प्रश्न तिथेच संपला. उशिरा येणाऱ्यांसाठी एक डबा झाकून वर्गातच ठेवलेला असे आणि ती आली की काही न विचारता त्यांच्या हातात वाटी दिली जाई.

अडचणी आल्या नाहीत असे नाही. वर्गात मुंग्या होतील, जमिनीवर सांडेल, तासाची पंधरा-वीस मिनिटे जातील, ही शिक्षकांची तक्रार खोटी नव्हती. सांडले तर पुसायला प्रत्येक रांगेला एक फडके दिले. वेळेबाबत मात्र आमच्या दुसरीच्या शिक्षिकेने स्वतःहून उपाय काढला: मुले खात असताना त्या गोष्ट वाचून दाखवू लागल्या, तोंड भरलेले असल्यामुळे वर्गात एरवी कधी नसते अशी शांतता असे, आणि त्या वर्गाला वाचनाची जी गोडी लागली तिचे श्रेय त्या पंधरा मिनिटांना द्यावे लागेल. तो पोट दुखणारा मुलगा दुसऱ्या तासाला पाणी प्यायला जायचा थांबला. मी याहून मोठा दावा करत नाही. एका शाळेच्या अनुभवावरून कुणी शहराचे धोरण ठरवू नये, म्हणून इतरत्र काय दिसले तेही सांगते.

अमेरिकेत शाळेतल्या न्याहारीची योजना १९६६ मध्ये प्रयोग म्हणून सुरू झाली आणि १९७५ मध्ये कायम झाली. इतकी जुनी आणि पैशाची फारशी चणचण नसलेली योजना, तरीही दुपारचे सवलतीचे जेवण घेणाऱ्या मुलांच्या निम्म्याच्या आसपासच मुले तिथे न्याहारी घेतात, असे वर्षानुवर्षे दिसत आले आहे. कारणे शोधली तेव्हा तीच निघाली जी आमच्या व्हरांड्यात निघाली होती: न्याहारी घंटेआधी उपाहारगृहात, शाळेची बस त्यानंतर पोहोचणारी, आणि तिथे जाणारे मूल गरीब घरचे, असा समज. ज्या शाळांनी न्याहारी घंटेनंतर वर्गात द्यायला घेतली, किंवा दारातच हातात पिशवी देऊन वर्गात बसून खायची मुभा दिली, आणि जिथे गरीब-श्रीमंत न पाहता साऱ्या शाळेला ती मोफत केली, तिथे खाणाऱ्यांची संख्या ठळकपणे वाढली. समुद्रापलीकडच्या श्रीमंत देशातले मूल आणि पारडीतले मूल या एका बाबतीत सारखे निघावे, यात मला आश्चर्य वाटत नाही.

आपल्या देशात तामिळनाडूने हे काम खऱ्या अर्थाने अंगावर घेतले. १५ सप्टेंबर २०२२ रोजी मदुराईत मुख्यमंत्री न्याहारी योजनेची सुरुवात १,५४५ सरकारी प्राथमिक शाळांमधून झाली, आणि अकरा महिन्यांत, २५ ऑगस्ट २०२३ रोजी, ती राज्यातल्या ३१ हजारांहून अधिक शाळांपर्यंत नेण्यात आली. पुढे अनुदानित शाळाही तिच्यात आल्या. या योजनेत यादी नाही; पहिली ते पाचवीचे प्रत्येक मूल पात्र आहे. उपमा, खिचडी, पोंगल असे वारांनुसार ठरलेले पदार्थ असतात, सोबत भाज्या घातलेले सांबार असते, आणि ग्रामीण भागात स्वयंपाक बचतगटांच्या महिला करतात, शक्यतो अशा की ज्यांची स्वतःची मुले त्याच शाळेत शिकतात. या शेवटच्या अटीचे महत्त्व मला फार वाटते, कारण आपले लेकरू जे खाणार तेच आई शिजवते आहे, याहून चांगली तपासणी कोणत्याही ॲपवरून होणार नाही. तिथेही २०२३ मध्ये करूर जिल्ह्यातल्या एका गावात दलित महिलेने शिजवलेली न्याहारी आपल्या मुलांना खाऊ देणार नाही म्हणून काही पालक अडून बसले होते. जिल्हाधिकारी स्वतः शाळेत गेले, मुलांबरोबर बसून ते अन्न खाल्ले आणि अडवणूक चालू राहिली तर कायद्याने कारवाई होईल अशी समज दिली. मुले खायला का येत नाहीत, याचे उत्तर कधीकधी घरातल्या मोठ्यांकडेही असते. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे, त्या शहराने तरी याबाबत सुरुवातीपासून ठाम राहिले पाहिजे.

जमैकातला एक अभ्यास मी मुद्दाम नमूद करते, कारण नागपूरकराला तो लक्षात राहील. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ग्रामीण भागातील १६ शाळांमधल्या आठशेहून अधिक मुलांचे दोन गट केले होते. एका गटाला वर्षभर शाळेत न्याहारी दिली, दुसऱ्याला तेवढाच वेळ आणि लक्ष, पण खायला फक्त संत्र्याचा पाव भाग. न्याहारी मिळालेल्या मुलांची हजेरी थोडी वाढली, उंची-वजनात थोडी भर पडली आणि लहान वर्गातल्या मुलांचे अंकगणित सुधारले. फरक डोळे दिपवणारे नव्हते, आणि संशोधकांनी ते फुगवूनही सांगितले नाहीत. पण लहान मुलांच्या गणितात पडलेला फरक मला थेट आमच्या तिसरीच्या वर्गात घेऊन गेला.

संत्र्याचा विषय निघालाच आहे तर पदार्थांबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण मुलांनी खावे असे वाटत असेल तर त्यांच्या जिभेचा विचार करावाच लागतो. आम्ही सुरुवातीला कुणाच्या तरी सल्ल्याने गोड सांजा ठेवला होता. मुले दोन दिवसांत कंटाळली. पोहे मात्र नागपूरच्या मुलाला रोज चालतात, फक्त त्यांत हरभरे किंवा वाटाणे हवेत. रस्त्यावरच्या टपरीवर पोह्यांवर चण्याची तर्री ओततात, ती तेल आणि तिखट बेताने घालून शाळेतही करता येते, आणि ज्या दिवशी आम्ही ती केली त्या दिवशी एकही वाटी परत आली नाही. थंडीत ज्वारीच्या पिठाची उकडपेंडी मावशी लोखंडी कढईत करत, वर कच्चे तेल आणि जवसाची चटणी. पहिल्या दिवशी नाक मुरडणाऱ्या मुलांनी तिसऱ्या दिवशी मागून खाल्ली. ज्या दिवशी स्वयंपाक जमणार नाही त्या दिवशी भिजवलेले हरभरे, फल्ली आणि गुळाचा खडा पुरतो. आणि आंबिया बहाराची संत्री बाजारात उतरली की, भावात मार खाल्लेली लहान आकाराची पण गोड फळे बागायतदार कशी कवडीमोलाने विकून टाकतात ते आपण दरवर्षी वाचतोच. चण्यातले लोह अंगी लागायला संत्र्यातले क जीवनसत्त्व मदत करते. काटोल-नरखेडचे संत्रे परदेशी कसे जाईल याची चिंता आपण खूप करतो. ते आपल्याच शहरातल्या शाळेत पोहोचावे, यासाठी एवढ्या धोरणाची गरज नसावी.

अंड्याबाबत माझे मत स्पष्ट आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि न खाणाऱ्यांना केळे, द्यायचे ठरवले होते. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबवून ते ऐच्छिक केले. ज्या दिवशी अंडे त्या दिवशी हजेरी जास्त, हे शाळेत काम केलेल्या कुणालाही विचारावे. मुलांचा सहभाग वाढवायचा असेल तर जो पदार्थ त्यांना शाळेकडे ओढतो तोच प्रथम काढून घेणे योग्य नव्हते, आणि तो परत यावा.

आता दोन माणसांबद्दल लिहिणे आवश्यक आहे, ज्यांच्याशिवाय हे काम चालू शकत नाही आणि ज्यांना विचारात घेतल्याशिवाय ते बहुधा सुरू केले जाते. पहिली म्हणजे स्वयंपाकी-मदतनीस. महिन्याला अडीच हजार रुपये मानधनावर त्या दुपारचे जेवण करतात. न्याहारीसाठी त्यांना दीड-दोन तास लवकर यावे लागेल, म्हणजे स्वतःच्या घरची सकाळ सोडावी लागेल. आमच्या मावशी प्रेमापोटी आल्या आणि आम्ही माजी विद्यार्थ्यांच्या रकमेतून त्यांना थोडे फार दिले, पण सरकारी योजना कुणाच्या प्रेमावर उभी करू नये. न्याहारीचे मानधन वेगळे आणि ठरलेल्या तारखेला मिळाले पाहिजे. दुसरा माणूस शिक्षक. तांदळाच्या गोण्या मोजणे, चव घेऊन नोंद करणे, ॲपमध्ये आकडे भरणे यांत त्याचा वेळ आधीच जातो. न्याहारीसाठी आणखी एक रजिस्टर निघाले तर तो तिचा शत्रू होईल, आणि त्याला दोष देता येणार नाही. हजेरीपटावर जी खूण होते तीच न्याहारीची नोंद मानावी. वर्गात हजर असलेल्या प्रत्येकाला द्यायचेच आहे, तर वेगळी मोजणी हवी कशाला?

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. प्रत्यक्षात या समितीच्या बैठका सह्यांपुरत्या होतात, हे मी मुख्याध्यापिका म्हणून खेदाने कबूल करते. आम्ही आयांना आळीपाळीने सकाळी चव घ्यायला बोलावले तेव्हा पहिल्यांदा त्या समितीत जीव आला. एक आई म्हणाली की हळद फार झाली आहे, दुसरीने दाणे भाजून घालायला सांगितले, आणि दोघींनीही घरी जाऊन आपापल्या मुलांना सांगितले की शाळेतले पोहे चांगले असतात. मुलांना न्याहारीकडे आणणारी याहून प्रभावी गोष्ट मला दिसली नाही.

पैशांचा प्रश्न मी टाळत नाही. १ मे २०२५ पासून दुपारच्या भोजनाच्या साहित्यासाठी प्राथमिकच्या एका मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे धरले जातात, धान्य वेगळे. एवढ्यात दोन वेळचे भागणार नाही, हे उघड आहे; न्याहारीला स्वतंत्र तरतूद लागेल. योजनेत ‘तिथी भोजना’ची सोय आहे, वाढदिवसाला किंवा सणाला लोकांनी शाळेत जेवण द्यावे अशी; दानशूर लोकांचा त्यातला उत्साह मी पाहिला आहे आणि त्याचा आदर करते. पण भूक वाढदिवस पाहून लागत नाही. त्या दानशूरांना माझी विनंती आहे की एका दिवसाच्या श्रीखंड-पुरीऐवजी एका वर्गाच्या महिनाभराच्या फल्ली-गुळाचा भार घ्यावा. महापालिका आणि जिल्हा परिषदेने सगळ्या शाळांमध्ये एकदम सुरू करण्याची वाट न पाहता आधी ज्या शाळांची मुले कळमना, कॉटन मार्केट, गोळीबार चौकातल्या विणकर वस्त्या, ताजबाग अशा पहाटे कामाला लागणाऱ्या भागांतून येतात, त्या शाळा निवडाव्यात. शाळा निवडावी, शाळेतली मुले निवडू नयेत.

आणि सुरुवात करायचीच असेल तर ती उन्हाळ्यातल्या सकाळच्या शाळेपासून व्हावी. पहिली ते चौथीचे वर्ग नऊच्या आधी भरू नयेत, असा निर्णय राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला तो मुलांच्या झोपेसाठी, आणि तो चांगलाच होता. पण नागपुरात उन्हाळा लागला की पारा चाळिशी ओलांडतो आणि वर्ग सकाळी भरवावेच लागतात. २०२५ मध्ये तर परीक्षा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालल्या. सात वाजता शाळेत येणारे मूल साडेसहाला घरून निघते, त्या वेळी त्याच्या घरात चूल पेटलेली नसते, आणि दहा-अकराच्या उन्हात ते अनवाणी किंवा प्लास्टिकच्या चपलेत घरी परत जाते. प्रार्थनेत घेरी येऊन खाली बसणारी मुले आमच्याकडे सर्वाधिक दिसत ती मार्च-एप्रिलमध्ये, आणि दर वेळी आम्ही त्याला ऊन लागले असे म्हणत असू, सकाळी साडेसातलासुद्धा. या महिन्यांसाठी चूलही लागत नाही: रात्री भिजवलेले हरभरे, केळे, गूळ-फल्ली आणि मिठा-साखरेचे लिंबूपाणी, पहिल्या तासाला, वर्गात, सगळ्यांना. त्यासाठी शाळेत लागेल ती झाकणाची दोन मोठी पातेली, भिजत घालायला आदल्या संध्याकाळी येणारी एक व्यक्ती, आणि तिचे मानधन. येत्या मार्चपूर्वी निवडक शाळांपुरती एवढी व्यवस्था महापालिकेच्या शिक्षण विभागाने करावी, अशी माझी विनंती आपल्या पत्रातून पोहोचावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मुख्याध्यापिका,
पूर्व नागपूर